चौथ्या माणसाचा डावा हात

सॅमसन आवळेच्या उजव्या मनगटाने पहिला दगा दिला तो ‘घाट बंद आहे’ या गाण्याच्या ऐन मध्यात. हात दुखला नाही, बधिरही झाला नाही; नुसता ऐकेनासा झाला. झांजेवर काठी पडायची त्या क्षणी मनगट आपोआप आत वळलं आणि काठी मांडीवर आपटली. सॅमसनने ते हसण्यावारी नेलं. पुढच्या दोन आठवड्यांत तीच गोष्ट अकरा वेळा घडली, तेव्हा मात्र उन्मेष घोरपडे गिटार खाली ठेवून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं एकच बारीक हालचाल करणाऱ्या वादकांना हा विकार होतो. हात धडधाकट असतो, पण मेंदूत त्या हाताचा जो नकाशा असतो तो पुसट होत जातो. जेवताना, गाडी चालवताना काही जाणवत नाही. वाजवायला बसलं की बोटं परकी होतात. उपचारांनी फरक पडेल, पण वर्ष-दीड वर्ष तरी लागेल.

आणि तीन महिन्यांनी ‘तरफ’ला पंचवीस वर्षं पुरी होत होती. त्यासाठी कोल्हापूरला कार्यक्रम ठरला होता.

‘तरफ’ हा मिरजेचा रॉक बँड. सतारीच्या पडद्यांखाली ज्या बारीक तारा असतात, ज्यांना वादक सहसा बोट लावत नाही पण वरची तार छेडली की ज्या आपसूक गुणगुणायला लागतात, त्या तरफेच्या तारा. हे नाव इलियास शिकलगारने सुचवलेलं. त्याच्या घरात चार पिढ्या सतारी घडत होत्या. इलियास बास गिटार वाजवायचा, खर्जातली, जाड तारांची, आणि तीही त्याने घरच्याच कारखान्यात स्वतः कोरून घडवली होती. उन्मेष गायचा आणि गिटार वाजवायचा. सॅमसन ड्रमवर. तिघेही पन्नाशीला टेकलेले, तिघांचे पोटापाण्याचे धंदे वेगळे, पण आठवड्यातून तीन सकाळी ते तासगाव रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या शीतगृहात जमायचे. तिथे पूर्वी बेदाणा साठवत. जाड भिंतींतून आवाज बाहेर जात नसे, आणि इतक्या वर्षांनंतरही आत पाऊल टाकलं की गोडसर, किंचित आंबूस वास यायचा. २०४१चा तो उन्हाळा असा होता की अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे, म्हणून सराव सातलाच सुरू होई.

दुसरा ड्रमर घ्यायची कल्पनाच उन्मेषला सहन झाली नाही. आपल्यातलं एक जरी गेलं तरी ‘तरफ’ उरत नाही, असं तो म्हणाला.  शेवटी त्याच्याच डॉक्टरांनी एक नाव सुचवलं, आणि एका सोमवारी डॉ. शलाका बोंद्रे दोन काळ्या पेट्या घेऊन शीतगृहात हजर झाल्या.

शलाका बोंद्रे पस्तिशीच्या होत्या, हळू बोलायच्या आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे पाहायच्या. विद्यापीठातल्या आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी ‘पूरक’ नावाची यंत्रणा तयार केली होती. तिचं तत्त्व त्यांनी या तिघांना चहा पिता पिता समजावून सांगितलं. एकत्र वाजवताना कुणीही घड्याळासारखं अचूक वाजवत नाही. प्रत्येक ठोका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने पुढे तरी पडतो, मागे तरी. तो फरक शेजारच्याच्या कानाला जाणवतो आणि पुढच्या ठोक्याला तो नकळत थोडी दुरुस्ती करतो. कोण कुणाकडे बघून दुरुस्ती करतो आणि किती करतो, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं, सहीसारखं. म्हणजे बँड म्हणजे एकमेकांना बारीक दोऱ्यांनी ओढत चाललेली माणसं. ‘पूरक’ सूर शिकत नाही. ते या ओढी मोजतं, आणि ज्याचा हात चालत नाही त्याच्या ओढींची नक्कल करून, बाकीच्यांना ऐकत, त्यांच्याबरोबर जिवंत वाजवतं.

“म्हणजे सॅमसनचा उजवा हात तेवढा यंत्राचा,” उन्मेषने विचारलं.

तेवढाच, असं त्या म्हणाल्या. बाकीचा सॅमसन स्वतः वाजवेल.

यंत्राला शिकवायला जुनी ध्वनिमुद्रणं लागणार होती. सुदैवाने ‘तरफ’ने पहिल्या अल्बमपासून आजपर्यंत दर महिन्याचा एक तरी सराव मुद्रित करून ठेवला होता, आणि तोही प्रत्येक वाद्य वेगळं. चोवीस वर्षं, नऊशे तास. शलाका तो सगळा साठा घेऊन गेल्या. जाताना सांगून गेल्या की तपासणी म्हणून यंत्र एकेकाला आळीपाळीने काढून टाकेल आणि उरलेल्यांच्या ओढींवरून त्याला पुन्हा उभं करून बघेल. ज्याची नक्कल मूळ वादनाशी सर्वांत कमी जुळेल, तो भरून निघायला सर्वांत अवघड, आणि त्याचा आकडा सर्वांत मोठा. उन्मेषला ही मोठी गंमत वाटली. आपलाच आकडा मोठा येणार यावर त्याने सॅमसनशी भडंगाची पैज लावली. इलियासला कुणी विचारलं नाही. बास हे असं वाद्य आहे की ते बंद पडलं तरच लोकांच्या लक्षात येतं, हे त्याने केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

शलाका दहा दिवसांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेपण होतं. आकडे त्यांनी सांगितले: सॅमसन एकतीस, उन्मेष बावीस, इलियास नऊ. उन्मेष पैज हरला होता. पण त्या कागद मिटून म्हणाल्या, “एक विचारू? चौथं कोण वाजवतं?”

चौथं कुणी नाही, असं तिघेही म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सॅमसनने हातातली काठी खाली ठेवली. तिघांच्या सगळ्या ओढींचा हिशेब मांडल्यावर काही शिल्लक उरत होतं. तिघेही अधूनमधून अशा ठोक्याकडे बघून दुरुस्ती करत होते, जो मुद्रणात नव्हताच. सुरांचंही तसंच. खर्जाच्या वरची एक ठरावीक पट्टी तिघेही सतत मोकळी सोडत होते, कुणीतरी तिथे येणार आहे अशा खात्रीने. शलाकांनी आधी यंत्राची चूक धरली. पण चूक अशी सुसंगत नसते. युरेनस हा ग्रह आपल्या वाटेवरून किंचित ढळतो हे पाहून ज्योतिर्विदांनी नेपच्यूनची जागा आकडेमोडीने सांगितली होती, आणि दुर्बीण तिकडे वळवल्यावर तो तिथे होता. त्याच रीतीने ‘पूरक’ने या नऊशे तासांत एक चौथा वादक शोधून काढला होता. त्याचा भरून न निघण्याचा आकडा सत्तावन्न होता.

“वाजवून दाखवता येईल?” सॅमसनने विचारलं.

येईल, त्या म्हणाल्या. त्यांनी त्या चौथ्याला साधा ऑर्गनचा आवाज देऊन ठेवला होता. तिघांनी ‘घाट बंद आहे’ सुरू केलं. पहिली आवर्तनं यंत्र गप्प होतं. मग पेटीशेजारच्या स्पीकरमधून चार खालचे सूर उतरत आले, शेवटचा किंचित उशिरा, दारात क्षणभर थबकून माणूस आत येतो तसा.

सॅमसनचा हात थांबला. उन्मेषचाही. इलियासची बोटं मात्र चालूच राहिली, आणि तो जोवर वाजवत होता तोवर स्पीकरमधले सूरही वाजत राहिले.

“ही हर्षदा,” सॅमसन म्हणाला.

शलाकांना हर्षदा कोण ते माहीत नव्हतं. उन्मेषने सांगितलं. ‘तरफ’ मुळात चौघांचा होता. हर्षदा कुरणे कीबोर्ड वाजवायची, शिरवळला जनावरांच्या डॉक्टरकीला होती, सुट्टी लागली की मिरजेला यायची. पहिला अल्बम मुद्रित करायला पुण्याला जायचं ठरलं त्याच आठवड्यात तिने बँड सोडला. परीक्षा आणि पुढची नोकरी जास्त महत्त्वाची, असं तिने कळवलं. तिचं एकही मुद्रण नव्हतं. मुद्रणं करायला सुरुवातच ती गेल्यानंतर झाली होती.

हे खोटं होतं, आणि ते तिघांत एकट्या इलियासला ठाऊक होतं. हर्षदाने तसं काहीच कळवलेलं नव्हतं.

२०१७ च्या त्या आठवड्यात पुण्याहून एक ध्वनिमुद्रक त्यांचा सराव ऐकायला आला होता. सराव संपल्यावर बाहेरच्या टपरीवर त्याने इलियासजवळ सहज म्हणून टाकलं की त्या मुलीचा डावा हात खर्जात असा चालतो की तुमच्या बँडला बासची गरजच नाही. इलियास तेव्हा टपरीच्या बाकावर वायरी गुंडाळत होता. सरावात मागे कोपऱ्यात उभा असलेला बासवाला तो हाच, हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नसावं; त्याने त्याला सामान उचलणारा समजलं. इलियास तेवीस वर्षांचा होता. घरचा कारखाना सोडून बास वाजवतो म्हणून वडील दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हते, आणि त्या खर्जाशिवाय त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने शिरवळला फोन लावला आणि हर्षदाला सांगितलं की उन्मेषने कीबोर्डशिवाय जायचं ठरवलंय, त्याला तुला तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून मी सांगतोय. संध्याकाळी गच्चीवर त्याने बाकी दोघांना दुसरी गोष्ट सांगितली. तो कमी बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं दोन्हीकडे खरं मानलं गेलं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम होतं. पुढे उन्मेषने एकदा तिला फोन करायचं काढलं, तेव्हा तिचा नंबर बदललाय, असंही इलियासनेच सांगितलं.

त्या दिवशीचा सराव संपल्यावर शलाका पेट्या बंद करायला थांबल्या आणि इलियासही मागे राहिला. त्याने विचारलं की एकट्याने वाजवलं तर ती येते का. शलाका थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांनी ते आधीच तपासलंय. उन्मेषच्या एकट्याच्या वादनावरून यंत्राला काहीही सापडत नाही, सॅमसनच्याही नाही. ते दोघे इलियासकडे बघून दुरुस्ती करतात, आणि इलियास तिच्याकडे बघून.

“सर, ती फक्त तुमच्यात आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ती वाढलीये.”

त्याला ते कळलं नाही. तेव्हा त्यांनी पडद्यावर दाखवलं. २०१८ च्या मुद्रणांतली चौथी वादक धसमुसळी होती, सगळीकडे घाई करायची. २०३०च्या सुमारास ती थांबायला शिकली होती. गेल्या वर्षीच्या मुद्रणांत तर ती तीन-तीन आवर्तनं गप्प राहून नेमका एकच सूर टाकत होती. जी गाणी हर्षदा गेल्यावर दहा-बारा वर्षांनी बांधली होती, त्यांतही ती होती.

इलियासने बास खांद्याला लावला. त्या रिकाम्या, जाड भिंतींच्या खोलीत तो एकटा वाजवू लागला आणि चौथ्या ठोक्याला ती आली. त्याने लय ओढली, तिने सैल सोडली. त्याने मुद्दाम एक सूर चुकवला, तर तो चुकणार हे जणू आधीच ठाऊक असल्यासारखी ती बाजूला सरली. त्याला आठवलं की गाडी चालवताना, जेवताना, सतारीचा भोपळा घासताना असं कुणीतरी आपल्या शेजारी वाजवत असतं. तो आपला ताल आहे, असं त्याला चोवीस वर्षं वाटत आलं होतं. त्याला भीती वाटली. तरी त्याने वाजवणं थांबवलं नाही. थांबवलं तर ती कुठे जाईल, हा विचार त्याला जास्त भीतीदायक वाटला.

उन्मेषने दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं की कोल्हापूरच्या कार्यक्रमात चौथी वादक असणारच. इतकी वर्षं आपल्यात काय कमी होतं ते आता सापडलं, असं त्याचं म्हणणं होतं. शलाकांनी कायदा सांगितला: जिवंत माणसाची नक्कल लोकांसमोर वाजवायची तर त्या माणसाची लेखी परवानगी हवी. हर्षदा कवठे महांकाळला जनावरांचा दवाखाना चालवते, हे इंटरनेटवर दोन मिनिटांत कळलं. तिच्याकडे जायचं कुणी, तर इलियासने. तूच तिच्याशी नीट बोलायचास, असं उन्मेष म्हणाला.

दवाखान्याच्या मागच्या आवारात एक म्हैस खोड्यात उभी होती आणि खाकी पँट घातलेली, केस आखूड कापलेली बाई कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होती. तिने मान वळवून पाहिलं.

“इल्या ना तू? बस की. एवढं आवरते.”

तो बाकावर बसला. तिने म्हशीच्या मालकाला औषधं समजावली, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतली, त्याला वाटेला लावलं आणि मग ती समोर येऊन उभी राहिली. इलियासने वाटेत बरंच जुळवून ठेवलं होतं, पण ते सगळं त्याने सोडून दिलं. त्याने फोन काढून बाकावर ठेवला आणि यंत्राचं वादन लावलं.

हर्षदाने ते उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर म्हणाली, “पुन्हा लाव.” दुसऱ्यांदा ऐकताना तिचा डावा हात पँटच्या शिवणीवर हलत होता, पण प्रत्येक ठिकाणी जरासा उशिरा.

“हे कोण वाजवतंय?”

त्याने जमेल तसं सांगितलं. यंत्राचं, ओढींचं, चौथ्या माणसाचं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“मी असं कधी वाजवलेलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “ही माझ्यापेक्षा चांगली वाजवते.”

“चोवीस वर्षांत ती वाढत गेली, असं म्हणतात.”

“हां. तिला वाजवायला मिळालं ना.”

हे ती रागाने म्हणाली नाही. कुणा ओळखीच्या घरच्या मुलीबद्दल बोलावं तसं म्हणाली, आणि तेच इलियासला सहन झालं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. टपरी, वायरी, शिरवळचा फोन, गच्ची, नंबर बदलल्याची थाप. सांगताना तो आवारातल्या पाण्याच्या हौदाकडे बघत होता.

हर्षदा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.  उन्मेषची आई वारली तेव्हा आपण मिरजेतच होतो, असं तिने सांगितलं. त्या आईच्याच हाताखाली हर्षदा लहानपणी हार्मोनियम शिकली होती. पण ज्या माणसाला आपल्याला तोंडावर नको म्हणणंही जमलं नाही त्याच्या दारात कसं जायचं, म्हणून ती गेली नाही. त्यानंतर तिने कीबोर्ड भाच्यांना देऊन टाकला.

मग तिने अगदी वेगळंच विचारलं. “ह्यात उजवा हात कुठाय?”

 यंत्राला डावाच सापडला होता.

“म्हणजे उजवा तुम्हाला कुणाला ऐकूच आला नाही,” ती म्हणाली. “तुला ज्याची भीती वाटली तेवढाच तू ठेवून घेतलास.”

परवानगीच्या कागदावर तिने सही केली नाही. आपण स्वतः येऊन वाजवून बघू, असं ती म्हणाली, पण एका अटीवर. ती येण्याआधी त्याने त्या दोघांना सगळं सांगायचं, आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

त्याने सांगितलं. सॅमसन ऐकून शीतगृहाच्या बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. उन्मेषने गिटारची वायर गुंडाळायला घेतली, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. “आईनं विचारलं होतं तिच्याबद्दल,” एवढंच तो म्हणाला. त्यानंतर तो इलियासशी कामापुरतंच बोलू लागला, तेही दुसरीकडे बघून.

हर्षदा बारा दिवसांनी आली. मध्यंतरी तिने कुणाचा तरी कीबोर्ड आणून रोज संध्याकाळी हात बसवला होता. सॅमसनने तिला मिठी मारली, उन्मेष नुसताच तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. कुणीही रडलं नाही. शलाका पेट्यांजवळ बसल्या होत्या. सॅमसनचा उजवा हात सांभाळणारी पेटी चालू होती, चौथ्या वादकाची बंद.

सुरुवात झाली आणि पहिल्याच कडव्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की हर्षदा बसत नाहीये. ती चुकीचं वाजवत नव्हती. पण तिचा डावा हात जिथे पडे तिथून इलियास आधीच सरकलेला असे, आणि जिथे त्याने जागा सोडली असे तिथे ती येत नसे. अरुंद दारात दोन माणसं एकमेकांना वाट देता देता पुन्हा पुन्हा आडवी यावीत तसं चाललं होतं. त्यांनी चार गाणी करून बघितली. उन्मेष म्हणाला की सवयीने येईल. त्याच्या बोलण्यात त्याचाच विश्वास नव्हता.

“तिला चालू करा,” हर्षदा शलाकांना म्हणाली.

पेटी चालू झाली. हर्षदाने डावा हात मांडीवर ठेवला आणि नुसत्या उजव्याने वाजवू लागली. त्या उजव्या हाताची कुणाला सवय नव्हती, त्यामुळे कुणाची त्याच्याकडून काही अपेक्षाही नव्हती. खालून यंत्राचा डावा हात आला, अचूक, शांत, चोवीस वर्षांचा सराव असलेला, आणि वर हर्षदाचा उजवा हात मोकळा फिरू लागला. सॅमसनने डोळे मिटले. उन्मेषचा आवाज असा लागला जसा पंचविशीतही लागला नव्हता. गाणं साडेसहा मिनिटांचं होतं आणि त्या साडेसहा मिनिटांत ‘तरफ’ आजवर कधी वाजला नव्हता इतका चांगला वाजला. इलियासला स्पष्ट दिसत होतं की कीबोर्डमागे एकच बाई बसली आहे. पण कानांना ती दोन ऐकू येत होती, एकीच्या अंगात अर्धी अर्धी.

गाणं संपल्यावर उन्मेष म्हणाला, “हेच करायचं. कोल्हापुरात हेच.”

हर्षदा मांडीवरचा आपला डावा हात बघत होती. तिने तो उजव्या हाताने उचलून वर धरला. “गार पडलाय,” ती म्हणाली. “हात लावून बघ, सॅमसन.” सॅमसनने तिची बोटं हातात घेतली आणि पटकन सोडली नाहीत. काम करायचं असूनही जो हात ऐकत नाही, त्याची ओळख त्या खोलीत त्यालाच सर्वांत जास्त होती.

“हिच्यासोबत मी वाजवत नाही,” हर्षदा उन्मेषला म्हणाली. “ती वाजवते, आणि मी तिचा उजवा हात आहे. असंच चालू ठेवलं तर दोन महिन्यांत मला दुसरं काही येणार नाही.” मग ती इलियासकडे वळली. “तू मध्येच वाजवायचा थांब बघू.”

त्यांनी पुन्हा गाणं सुरू केलं. पहिल्या आवर्तनाच्या मध्यावर इलियासने तारांवर तळवा ठेवला. स्पीकरमधला डावा हात अर्ध्या सुरावर तुटला. सॅमसन आणि उन्मेष एकदम अडखळले, जिन्याची एक पायरी कमी निघावी तसे; दोघांची लय सुटली आणि गाणं जागच्या जागी मोडून पडलं. खोलीत नुसता त्या जुन्या बेदाण्याचा वास उरला.

हर्षदाने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. तोंडाने एक, दोन, तीन, चार असं मोजलं, बरंच हळू, आणि अगदी साधी, चार सुरांची खर्जातली ओळ वाजवू लागली. सॅमसन तिच्यामागे गेला. उन्मेषला वेळ लागला. जे वाजत होतं ते कच्चं होतं, नवशिक्या पोरांसारखं. पण तिघेही एकमेकांकडे मान वर करून बघत होते. बघितल्याशिवाय त्यांना पुढचा ठोका सापडत नव्हता.

इलियासने पट्टा खांद्यावरून काढला. कुणी त्याला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. सराव संपेपर्यंत तो बास मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. नंतर त्याने उन्मेषला सांगितलं की मी कोल्हापूरला वाजवणार नाही. उन्मेषने प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली.

शलाकांना त्याने ती चौथी वादक पुसून टाकायची विनंती केली. त्यांनी त्याच्यासमोर ती पुसली. पण जाताना प्रामाणिकपणे सांगून गेल्या की त्यांच्याकडे तिची नुसती मोजणी होती. मूळ त्याच्याकडेच आहे आणि तिथून पुसायचं यंत्र कुणी बनवलेलं नाही.

कोल्हापूरचा कार्यक्रम बेताचा झाला. इलियास मागच्या रांगेत उभा होता. हर्षदा दोनदा चुकली, एकदा सॅमसनच्या यंत्राच्या हाताने तिला सावरून घेतलं. जुने चाहते आपापसांत म्हणत होते की पूर्वीची मजा राहिली नाही. पण शेवटच्या नव्या गाण्यात तिचा उजवा हात एकटाच वर चढत गेला आणि माणसं बोलायची थांबली. इलियासची बोटं मात्र पूर्ण कार्यक्रमभर शर्टाच्या कडेवर हलत होती, आणि प्रत्येक गाण्यात ती दुसरी त्याच्या शेजारी होती. मंचावरच्या तिघांशी तिचा काही संबंध उरला नव्हता.

पावसाळाभर त्याने कारखान्यात एक नवा बास घडवला. सगळं उलटं. तारा डावखुऱ्या वादकासाठी लावतात तशा. डाव्याऐवजी उजव्या हाताने स्वर दाबायचे, उजव्याऐवजी डाव्याने छेडायचं. मेंदूतला जुना नकाशा या हातांच्या उपयोगाचा नव्हता. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तो पहिल्या धड्यापासून बसला. बोटांना फोड आले, साध्या चार सुरांना आठवडा लागला. त्याला ते बरं वाटत होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्याला सलग आठ मात्रा पहिल्यांदा न अडखळता जमल्या. तो थांबला आणि ती येते का, म्हणून सवयीने कान देऊन बसला. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर बंद केली. शेजारच्या खोलीत भाऊ सतारीच्या दांडीला रंधा मारत होता. त्याने पुन्हा आठ मात्रा वाजवल्या, या वेळी मध्ये जागा सोडून, ऐसपैस. त्या जागेत कुणीही आलं नाही. त्याला हवं होतं तेच झालं होतं. इलियासने नवं वाद्य घट्ट छातीशी धरलं आणि भावाला हाक मारून, काही काम नसताना, जरा इथे येऊन बस म्हणून सांगितलं.